बीदरच्या मदरशातील तीन हजार ग्रंथ



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत इमारतींची छायाचित्रे असतात, निकालांचे आकडे असतात, देणगीदारांची नामावली असते. ग्रंथालयाचा उल्लेख मात्र बहुधा अहवालाच्या शेवटी, एखाद्या ओळीत उरकला जातो. अमुक कपाटे, अमुक पुस्तके, एवढे सांगितले की झाले. वसतिगृह असलेल्या संस्थेत तर मुलांची भाकरी, अंथरूण आणि दिवाबत्ती यांचा खर्च निघता निघता संचालकांच्या नाकी नऊ येतात. अशा वेळी पुस्तकांचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला जावा, हे स्वाभाविकच आहे.

म्हणूनच आज आपणापुढे एका निवासी विद्यालयाच्या ग्रंथालयाची हकीकत ठेवावीशी वाटते. हे विद्यालय साडेपाचशे वर्षांपूर्वीचे. ते आपल्या नागपूरचे नव्हे, तर उदगीरच्या पलीकडील बीदरचे. परंतु ज्या राज्यात ते उभे राहिले त्या राज्यात आपला वऱ्हाड प्रांतही होता, आणि ज्या गृहस्थाने ते उभारले त्याच्या कारभाराची खूण गाविलगड आणि माहूर या आपल्या परिचयाच्या नावांवर उमटलेली आहे. तेव्हा ही हकीकत परक्याची समजू नये.

गीलानचा व्यापारी

ख्वाजा महमूद गवान हे इराणातील गीलान प्रांताचे. घराणे प्रतिष्ठित, पण दरबारातील हेव्यादाव्यांमुळे त्यांनी देश सोडला आणि व्यापाराचा मार्ग पत्करला. इ. स. १४५३ च्या सुमारास ते आपल्या कोकणातील दाभोळ बंदरात उतरले. त्या वेळी त्यांनी वयाची चाळिशी ओलांडलेली होती. दाभोळहून ते बहामनी राज्याची राजधानी बीदर येथे गेले आणि तेथेच राहिले.

पुढील अठ्ठावीस वर्षांत त्यांनी चार सुलतानांची सेवा केली. हुमायूनशहाच्या काळात त्यांना 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब मिळाला. तिसऱ्या मुहम्मदशहाच्या कारकीर्दीत ते राज्याचे मुख्य वजीर झाले. १४७२ मध्ये त्यांनी गोवा बहामनी राज्यास जोडला. याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल आणि जुन्नर या मार्गाने बीदरला आला होता. त्याच्या प्रवासवृत्तांतही या मलिक-उत्-तुज्जारच्या वैभवाचा आणि सैन्याचा उल्लेख आहे.

राज्यकारभारात त्यांनी केलेली एक सुधारणा आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे तीच त्यांच्या जिवावर बेतली. बहामनी राज्याचे चार सुभे होते. त्यांना 'तरफ' म्हणत. एकेक तरफदार जवळजवळ स्वतंत्र राजासारखा वागे. ख्वाजांनी चाराचे आठ सुभे केले. आपल्या वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग पडले. शिवाय प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या हुकमाखाली आणले. राज्य बळकट झाले. पण ज्यांची सत्ता अर्धी झाली ते सरदार आतून पेटले.

खोली, भाकरी आणि ग्रंथ

गोवा जिंकला त्याच सुमारास बीदरमध्ये ख्वाजांचा मदरसा बांधून पूर्ण झाला. त्याचे साल एका दुआच्या अक्षरांत गुंफलेले आहे. आमची ही सेवा स्वीकारावी, अशा अर्थाच्या त्या अरबी शब्दांच्या अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली की हिजरी ८७६, म्हणजे इ. स. १४७१-७२ हे साल मिळते.

इमारत पूर्व-पश्चिम सुमारे दोनशे पाच फूट आणि दक्षिणोत्तर एकशे ऐंशी फूट. मधोमध मोकळे चौरस अंगण आणि चोहो बाजूंनी तीन मजली बांधकाम. दर्शनी बाजूस दोन्ही टोकांना उंच मिनार. भिंतींवर इराणी धाटणीच्या रंगीत चकचकीत फरशा, आणि त्यांवर कुरआनातील 'जुमर' या सूरेतील वचन सुलेखनात कोरलेले. स्वर्गाच्या दारी आलेल्यांचे द्वारपाल सलाम करून स्वागत करतात, असा त्या वचनाचा प्रसंग आहे. विद्यालयाच्या कपाळावर हे वचन घालणाऱ्याने आत येणाऱ्या विद्यार्थ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

या वास्तूत मशीद होती, व्याख्यानाची दालने होती, ग्रंथालय होते, अध्यापकांची निवासस्थाने होती आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या होत्या. विद्यार्थ्यांसाठी छत्तीस खोल्या आणि अध्यापकांसाठी सहा दालने, असा हिशेब अभ्यासक देतात. विद्यार्थ्यांना राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य होते. आज ज्याला आपण बोर्डिंग म्हणतो त्याचेच हे रूप होय.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. शहरातील सार्वजनिक वाचनालय आणि वसतिगृहाचे ग्रंथालय यांत मोठा फरक असतो. वाचनालयात मनुष्य पोट भरल्यावर, फुरसतीने जातो आणि परत घरी येतो. वसतिगृहातील मुलाचे घरच तेथे असते. तो ज्या छताखाली जेवतो व झोपतो, त्याच छताखाली त्याला पुस्तक मिळाले तर मिळाले. बहुतेकांच्या गावी दुसरे पुस्तक नसतेच. ख्वाजांनी भाकरी आणि ग्रंथ एका छताखाली आणले, यातच त्यांच्या योजनेचे मर्म आहे.

अध्यापकही त्यांनी दूरदूरहून बोलावले. शिराजचे प्रसिद्ध तत्त्वज्ञ जलालुद्दीन दव्वानी आणि हेरातचे कवी व सूफी मौलाना जामी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दव्वानींनी आपला एक ग्रंथ ख्वाजांना अर्पण केलेला आहे. स्वतः ख्वाजा गणित आणि वैद्यक यांचे जाणकार होते. त्यांच्या फारसी पत्रांचा संग्रह 'रियाज-उल्-इन्शा' या नावाने आजही उपलब्ध आहे.

तीन हजार म्हणजे किती?

इतिहासकार फिरिश्ता या ग्रंथालयातील ग्रंथांची संख्या तीन हजार देतो. आजच्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. एखाद्या बऱ्या हायस्कुलातही इतकी पुस्तके असतात. परंतु त्या काळी हिंदुस्थानात छापखाना नव्हता. एकेक ग्रंथ हाताने लिहावा लागे. चांगला कागद, शाई, शुद्ध अक्षराचा कातिब, मूळ प्रतीशी ताडून पाहणारा जाणकार, बांधणी करणारा कारागीर, एवढ्यांचे श्रम एका ग्रंथामागे असत, आणि मोठ्या ग्रंथाला महिनेच्या महिने लागत.

तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाची १४७३ सालची यादी उपलब्ध आहे. म्हणजे बीदरचा मदरसा पूर्ण झाल्यानंतर जेमतेम एका वर्षाने केलेली. त्या यादीत ३३० ग्रंथ आहेत. ज्या केंब्रिजला पुढे आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून मुहम्मद हिदायतुल्ला शिकावयास गेले आणि परत येऊन नागपूर उच्च न्यायालयाचे व नंतर भारताचे सरन्यायाधीश झाले, त्या केंब्रिजच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या नवपट ग्रंथ एके काळी बीदरमध्ये होते. ही फुशारकी मारण्याची गोष्ट नव्हे. केंब्रिजचे ते ग्रंथालय आजही चालू आहे आणि त्याचे ग्रंथ लाखांनी मोजावे लागतात. बीदरचे ग्रंथालय नाही. असे का झाले, हाच आपल्या कामाचा प्रश्न आहे.

त्या काळी शिकण्याची रीतही ग्रंथालयाशी बांधलेली होती. गुरूसमोर बसून विद्यार्थी ग्रंथ वाचत असे, गुरू अडले तेथे उलगडून सांगत, आणि विद्यार्थी स्वतःसाठी प्रत उतरवून घेई. ग्रंथालयातील शुद्ध प्रत ही जणू विहीर, आणि ज्याने त्याने आपली घागर भरून न्यावी. शिक्षण संपवून तो गावी परते तेव्हा त्याच्या गाठोड्यात त्याच्याच हाताने लिहिलेले ग्रंथ असत. म्हणजे एका ग्रंथालयातून अनेक लहान ग्रंथालये निघत.

तीन कारभाऱ्यांची साक्ष

आता १४८१ सालाकडे येऊ. ख्वाजांवर दात धरून असलेल्या सरदारांनी त्यांच्या मोहरदाराला फितवले. एका कोऱ्या कागदावर ख्वाजांची मोहर उमटवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजाला बहामनी राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण लिहिले. हे बनावट पत्र सुलतानाच्या हाती देण्यात आले. सुलतान त्या वेळी मद्याच्या अमलाखाली होता. त्याने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, वयाची सत्तरी गाठलेल्या या वजिराचा छावणीतच शिरच्छेद करण्यात आला.

त्यानंतर सुलतानाला ख्वाजांच्या संपत्तीची आठवण झाली. इतका मोठा वजीर, त्याचा खजिनाही तसाच असणार! पुढे जे घडले ते फिरिश्त्याने नोंदवून ठेवले आहे, आणि वाचकहो, सगळ्या हकीकतीतील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

खजिनदाराला बोलावले. त्याने सांगितले की ख्वाजांची दोन खाती होती. एक सरकारी, ज्यातून फौज, हत्ती, घोडे यांचा खर्च चाले, दुसरे गोरगरिबांचे. जहागिरीचे उत्पन्न फौजेचा खर्च भागवून सुलतानाच्या नावाने गरिबांना वाटले जाई. ख्वाजा स्वतः मात्र इराणातून आणलेल्या भांडवलावरील व्यापाराच्या नफ्यावर गुजराण करीत. गरिबांच्या खात्यात त्या दिवशी तीनशे लारी, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, एवढीच शिल्लक होती.

मग फर्राशखान्याच्या प्रमुखाने सांगितले की छावणीत आहेत तेवढेच गालिचे. बाकी काय ते मशिदीतील आणि मदरशातील चटया. मुदपाकखान्याच्या प्रमुखाने सांगितले की भांडी आहेत ती पाहुण्यांसाठी. ख्वाजांचे स्वतःचे अन्न मातीच्या भांड्यात शिजे. शेवटी ग्रंथालयाचा प्रमुख पुढे आला. त्याने सांगितले की ग्रंथ तीन हजार आहेत खरे, पण ते सगळे मदरशातील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत.

म्हणजे राज्यातील सर्वांत बलाढ्य माणसाच्या मृत्यूनंतर मोजण्याजोगी जी एक वस्तू निघाली ती ग्रंथ, आणि तीही त्याची स्वतःची नव्हती. धनी गेला तरी हे ग्रंथ मुलांचे आहेत, असे संतापलेल्या सुलतानासमोर सांगण्याचे धैर्य त्या ग्रंथपालाने दाखवले. त्याचे नाव आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण ग्रंथपालाचा धर्म काय असतो हे त्याने एका वाक्यात सांगून ठेवले.

सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण उशिरा. वऱ्हाडचे दोघे सरदार, गाविलचा फतहुल्ला इमादुल्मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान, त्याच्या छावणीपासून दूर राहू लागले. वर्षभरात सुलतानही वारला. १४९० पर्यंत राज्याचे तुकडे पडू लागले आणि आपल्याकडे इमादशाही सुरू झाली.

ग्रंथांच्या जागी बारूद

मदरशाची इमारत मात्र पुष्कळ काळ धडधाकट होती. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा फिरिश्ता म्हणतो की ती नुकतीच बांधून झाल्यासारखी ताजी दिसते. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर घेतले. त्यानंतर या वास्तूत घोडदळाची छावणी पडली आणि काही खोल्यांत बारूद साठवण्यात आली. १६९६ च्या सुमारास त्या बारुदीचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा दक्षिणेकडील हिस्सा आणि एक मिनार उडून गेला.

आज ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. उरलेला मिनार, निळ्या-पांढऱ्या फरशांचे काही पट्टे आणि रिकाम्या खोल्या पाहून प्रवासी हळहळतात. त्या तीन हजारांपैकी एकही ग्रंथ आज तेथे नाही.

स्फोटाला दोष देणे सोपे आहे. परंतु विचार केला तर कळून येईल की ग्रंथालयाचा अंत स्फोटाने झालेला नाही. ज्या दिवशी विद्यार्थ्यांच्या खोलीत बारुदीची पिंपे ठेवताना कोणी हरकत घेतली नाही, त्याच्या कितीतरी आधी तो झालेला होता. मदरशाची सारी भिस्त एका माणसावर होती. तो उदार होता, विद्वान होता, निःस्वार्थी होता. पण तो एकटा होता. त्याच्यामागे ग्रंथांची विचारपूस करणारी मंडळी उभी राहिली नाहीत.

पुष्कळ हातांचे ग्रंथालय

या उलट उदाहरण अलीगढचे. सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये इंग्लंडला गेले, तेथील निवासी शिक्षण त्यांनी पाहिले आणि २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसा सुरू केला. ८ जानेवारी १८७७ रोजी कॉलेजची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते बसली आणि ग्रंथालयाला लिटन यांचेच नाव मिळाले. बोर्डिंग हा या संस्थेचा कणा होता.

सर सय्यद यांच्यापाशी ख्वाजांसारखी वजिरी नव्हती. त्यांनी दारोदार वर्गणी मागितली, प्रदर्शनात पुस्तकांचे दुकान मांडले, सोडत काढली, लोक हसले तरी निधीसाठी रंगमंचावर उभे राहिले. देणगीदारांची नावे तेथील दगडी भिंतींवर आजही वाचता येतात, आणि त्यांत हिंदू देणगीदारही आहेत. ग्रंथालयही असेच वाढले. गोरखपूरचा सुभानुल्ला संग्रह, हबीबगंजच्या शेरवानी घराण्याचा संग्रह, असे घरोघरचे जन्मभर जमवलेले ग्रंथ तेथे येऊन मिळाले. १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि ग्रंथालयाला मौलाना आझाद यांचे नाव देण्यात आले. आज तेथे दहा लाखांहून अधिक ग्रंथ आणि हजारो हस्तलिखिते आहेत. सर सय्यद १८९८ मध्ये गेले. ग्रंथालय गेले नाही. हिदायतुल्लांचे वडील खानबहादूर हाफिज विलायतुल्ला याच अलीगढचे विद्यार्थी. तेथील शिदोरी आपल्या मध्य प्रांतात अशा रीतीने पोहोचलेली आहे.

आपल्या महाराष्ट्रातही याची साक्ष आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापूरला मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून मुस्लिम बोर्डिंग काढले. मुलांना आपल्या भाषेत धर्मग्रंथ समजावा म्हणून कुरआनाच्या मराठी भाषांतरासाठी त्यांनी पंचवीस हजार रुपयांची तरतूद केली. १९२२ मध्ये महाराज निवर्तले आणि ते भाषांतर अपुरे राहिले. बोर्डिंग मात्र टिकले, कारण त्याच्यामागे सोसायटी होती. एकाच पुरुषाने हाती घेतलेल्या या दोन कामांत जे एका माणसावर अवलंबून होते ते थांबले आणि जे मंडळाच्या हाती दिले गेले ते चालले. याहून स्पष्ट धडा कोणता हवा?

आपल्या दारी

वाचकहो, ही सारी हकीकत सांगण्याचा हेतू आता आपल्या ध्यानी आलाच असेल. आपल्यापैकी कित्येकजण कामठी, यवतमाळ, बुलढाणा अशा गावांहून ट्रंक आणि वळकटी घेऊन शिकावयास आले आणि वसतिगृहात राहिले. रात्रीच्या जेवणानंतर एखादे पुस्तक हाती पडले आणि त्याने आयुष्याला वळण दिले, असा अनुभव ज्यांचा आहे त्यांना अधिक सांगणे नलगे.

संस्थेच्या ग्रंथालयाला मोठ्या दात्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मोठा दाता मिळाला तर अल्लाहचे आभार मानावेत, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. माजी विद्यार्थ्याने वर्षाला एक पुस्तक द्यावे. ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची उर्दू, मराठी, फारसी पुस्तके माळ्यावर वाळवीला वाट करून देत आहेत, त्यांनी ती उतरवून आणावीत. संचालकांनी दरवर्षीच्या सभेत निकालाबरोबर ग्रंथालयाचाही हिशेब मांडावा: किती पुस्तके आली, किती वाचली गेली, किती हरवली. आणि वसतिगृहाच्या अंदाजपत्रकात किराण्याच्या खाली पुस्तकांचा रकाना असावा, मग त्यातील रक्कम कितीही लहान असो.

कारण ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप लागले, ते कपाट एका कोपऱ्यात सरकवले गेले आणि त्याच्या जागी जुनी बाके रचली गेली, तर तेथे बारूद नसली तरी बीदरचीच पुनरावृत्ती सुरू झाली असे समजावे. तसे होताना दिसले तर आपल्यापैकी कोणीतरी पुढे होऊन, त्या अनाम ग्रंथपालासारखे सांगावे की हे ग्रंथ मुलांसाठी राखून ठेवलेले आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना ते सांगण्याची सुबुद्धी देवो. आमीन.